तळमजल्याची खोली आणि शहामृगाचा सिनेमा

टक्.

रिमोटच्या पाठीवरचं झाकण निसटून फरशीवर पडलं, एवढंच झालं. पण मूल झोपलेल्या घरातली दुपारची शांतता ही आपोआप आलेली शांतता नसते. ती तासभर थोपटून, त्याच त्या सशाची गोष्ट पुन्हा सांगून आणि स्वतःचा एक पाय बधिर करून मिळवलेली असते. छोटीच्या आईने श्वास रोखून धरला. दिवाणावर छोटी कुशीवर वळली, तोंडात काही असल्यासारखे ओठ हलवले आणि एक डोळा अर्धवट उघडला.

समोर टीव्हीवर एक गृहस्थ पळता पळता थांबलेले होते. टीव्हीचा आवाज बंद. गृहस्थांच्या अंगात कोट, गळ्यात टाय, आणि कमरेखाली एक फुलझाडाची कुंडी. कुंडीच्या मागे काय, ते विचारू नये. त्यांच्या पाठी एक शहामृग लागलेलं होतं आणि गृहस्थांची पँट त्याच्या चोचीत होती.

छोटीच्या आईने हाताला लागेल ती उशी उचलून टीव्हीपुढे धरली. उशी लहान आणि टीव्ही मोठा. गृहस्थ झाकले गेले, शहामृग उरलं.

"कोंबडी," छोटी झोपेतच म्हणाली आणि पुन्हा झोपली.

आता, चांगल्या घरातली, छोटी होईपर्यंत चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासून नंबर काढत आलेली एक जबाबदार बाई भर दुपारी असला सिनेमा का बघत होती, हे सांगायचं तर तळमजल्याच्या खोलीपासून सुरुवात करावी लागेल.

त्यांच्या इमारतीत तळमजल्यावर एक खोली होती. दोन खिडक्या, एक नळ, सकाळचं ऊन. एवढ्या गुणी खोलीत राहत होती मात्र अध्यक्षांची ट्रेडमिल. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून अध्यक्षांनी ती घेतली, एकदा चालले, आणि घरात अडचण होते म्हणून खाली आणून ठेवली. तेव्हापासून इमारतीच्या दप्तरी त्या खोलीचं नाव 'व्यायामशाळा' असं पडलं. तिथे व्यायाम केला असेल तर तो फक्त कोळ्यांनी.

छोटीच्या आईला ती खोली हवी होती. इमारतीतली पाचसहा मुलं, सांभाळायला एक बाई, आणि लक्ष ठेवायला आळीपाळीने आज्या, असं सकाळपुरतं पाळणाघर. सासूबाईंना नातीचं वेड होतं, पण गुडघ्यांना नव्हतं. जिन्यावरून पळणाऱ्या पोरीमागे तिसऱ्या मजल्यावरून उतरणं त्यांना जमत नसे. तळमजल्यावर खुर्ची टाकून बसणं मात्र सहज जमलं असतं. आणि चष्म्याच्या दुकानाच्या मालकीणबाईंचा निरोप येऊन पडला होता: पुढच्या महिन्यापासून येणार असशील तर ये, नाहीतर मी दुसरी मुलगी बघते, राग मानू नकोस. राग मानू नकोस म्हटलं की माणूस मानतो त्यापेक्षा जास्त घाबरतो. छोटीची आई घाबरलेली होती.

अध्यक्षांकडे ती तीनदा जाऊन आली. अध्यक्ष सज्जन गृहस्थ, नोकरीतून निवृत्त झालेले, पण नोकरी त्यांच्यातून निवृत्त झालेली नव्हती.

"तत्त्वतः माझा विरोध नाही," ते म्हणाले. "पण तत्त्व वेगळं आणि ठराव वेगळा."

ठरावाचं घोडं अडलं होतं ते सिनेमावर.

इमारतीत महिन्यातून एकदा वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये पडदा लावून सिनेमा दाखवत. मागच्या खेपेला अध्यक्षांनी खडकांवरचा माहितीपट निवडला होता. खडकांचे थर एकमेकांवर कसे साचत जातात हे त्यात फार सावकाश दाखवलं होतं, आणि प्रेक्षकही तसेच एकमेकांवर कलत गेले. त्यानंतर तरुण मंडळींनी बंड केलं, आणि या खेपेची निवड अध्यक्षांच्या भाच्याकडे आली. भाच्याचं लग्न तोंडावर आलेलं. त्याने सिनेमा सुचवला, अध्यक्षांनी पोस्टर पाहिलं. पोस्टरवर सूट घातलेले चार तरुण आणि मध्ये एक शहामृग.

"प्राणिप्रेमाचा विषय दिसतो," असं म्हणून अध्यक्षांनी खाली फळ्यावर सूचना लावून टाकली.

दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी ती वाचली आणि तशाच वर आल्या. सिनेमा बॅचलर पार्टीवरचा आहे, असं त्यांनी सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, पार्टी असायला हरकत काय. डॉक्टरीणबाईंनी जिन्यात कुणी नाही असं बघून आवाज खाली आणला आणि ही पार्टी केक कापून घरी जायची नव्हे, एवढंच सांगितलं. अध्यक्ष पांढरे पडले. पण एकदा लागलेली सूचना काढायची नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा नियम. शिवाय भाच्याच्या होणाऱ्या सासऱ्यांना इमारतीचं सांस्कृतिक जीवन दाखवायचं म्हणून त्यांनी आमंत्रणही देऊन टाकलं होतं.

तेव्हा त्यांनी चित्रपट परीक्षण समिती नेमली. समितीत एकच सभासद, छोटीची आई.

"तुम्ही घरीच असता," अध्यक्ष म्हणाले.

हे तीन शब्द छोटीच्या आईला कुठे लागले ते तिने दाखवलं नाही. चहा गरम असताना प्यायल्याची शेवटची आठवण जिला सांगता येणार नाही, ती बाई घरीच असते खरी. पण असते म्हणजे काय, यावर एक स्वतंत्र समिती नेमता येईल.

काम असं होतं. सिनेमा आधी पाहायचा. आक्षेपार्ह जागा हेरून ठेवायच्या. रविवारी रिमोट हातात घेऊन मागे बसायचं आणि त्या जागा आल्या की सिनेमा पुढे पळवायचा. घरोघरी टीव्हीसमोर कुणीतरी हे काम बिनबोभाट करतच असतं, ते इथे सार्वजनिक पातळीवर करायचं. आणि शेवटी अभिप्राय द्यायचा.

"कार्यक्रम व्यवस्थित पार पडला की सगळे खुशीत असतील," अध्यक्ष म्हणाले. "त्याच बैठकीत तुमच्या खोलीचा विषय घेतो."

"आणि नाही पार पडला तर?"

"मग बघू."

त्या 'मग बघू'ने छोटीच्या आईची झोप उडाली. ती तशीही फारशी होत नव्हती.

भाच्याने सिनेमा पेन ड्राइव्हवर आणून दिला. तो फक्त त्यांच्या घरातल्या बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीलाच लागत होता. छोटी झोपायची तीही त्याच खोलीत, कारण पंखा बरा तो तिथलाच. छोटी जागी असताना हा सिनेमा लावणं शक्य नव्हतं, आणि झोपलेली असताना आवाज लावणं शक्य नव्हतं. तेव्हा छोटीच्या आईने आवाज बंद करून सिनेमा पाहिला. आवाजाशिवाय सिनेमा कळतो का, असं कुणी विचारेल. तिला वाटलं, कळतो. तिचा पेशाच नजरेचा होता.

कथा तशी सरळ होती. नवरदेव आणि त्याचे तीन मित्र लग्नाआधी एका बंगल्यावर मजा करायला जातात. शेजारच्या शेतातलं शहामृग लग्नाची अंगठी गिळतं. आता ती अंगठी निसर्गाच्या नियमाने परत येईपर्यंत चौघांनी शहामृगाला सोडायचं नाही आणि शहामृगाने यांना कपड्यानिशी राहू द्यायचं नाही, असा एकंदर मामला. छोटीच्या आईने कागदावर न लिहिता सगळं डोक्यात ठेवलं. कुंडी दिसली की पळवायचं. गवताच्या गंजीमागून दोन पाय दिसले की पळवायचं. शेतकऱ्याची बायको टॉवेल शोधायला निघाली की मग तर ताबडतोब पळवायचं.

दुसऱ्या दुपारी सासूबाई मोज्याला टाके घालत बाहेर आल्या आणि शेजारी बसल्या.

"काय बघतेस गं?"

"समितीचं काम आहे, आई."

सासूबाईंनी पडद्याकडे पाहिलं. सुदैवाने चौघांच्याही अंगावर तेव्हा पूर्ण कपडे होते आणि ते टेबलाभोवती सरबत घेऊन बसले होते. निदान रंग सरबताचा होता.

"हा जाडा काय म्हणतोय?"

"आवाज बंद आहे ना."

"त्याला आवाज कशाला हवा. तोंडावर दिसतंय की." सासूबाईंनी सुईत दोरा ओवला. "तो म्हणतोय, बाबांनो, आता तरी कुणीतरी घरी फोन करा, आई वाट बघत असेल."

जाड्याने टेबलावर मूठ आपटली.

"बघ, बाकीचे ऐकत नाहीत. तळमळीने सांगतोय बिचारा."

मग रोज दुपारी हे असंच चाललं. सासूबाई संवाद म्हणायच्या आणि छोटीची आई कुंडीच्या वेळी त्यांचं लक्ष मोज्याकडे वळवायची. हळूहळू सिनेमातली माणसं इतकी सभ्य बोलू लागली की छोटीच्या आईला त्यांचा लळा लागला. विशेषतः जाड्याचा.

एक प्रसंग न्हाणीघरातला होता. जाडा टबमध्ये हनुवटीपर्यंत फेसात बसलेला, डोक्यावर प्लास्टिकची टोपी. काठावर नवरदेव. जाडा कितीतरी वेळ बोलत राहतो, त्याचे डोळे भरून येतात, नवरदेव मान खाली घालतो आणि मग त्याच्या खांद्यावर हात ठेवतो.

सासूबाईंनी मोजा बाजूला ठेवला. "तो म्हणतोय, उद्यापासून तुझं घर वेगळं, माझं वेगळं. मी काही तुला अडवत नाही. पण कधीतरी आठवण काढ. कामाशिवाय फोन कर."

छोटीच्या आईला एकदम दुकानातली तिची मैत्रीण आठवली. दोघी मिळून डबा खायच्या, गिऱ्हाइकांच्या नकला करायच्या. आता तिचा फोन आला की 'छोटी झोपली की करते' एवढंच बोलणं व्हायचं, आणि छोटी झोपली की ही झोपायची. तिने पदराचं टोक शोधलं; अंगात कुर्ता होता, मग बाहीनेच डोळे पुसले. सासूबाईही पुसतच होत्या.

हा प्रसंग पळवायचा नाही, हे तिथेच ठरलं.

इतकं सगळं ती इमारतीच्या भल्यासाठी करत होती. पण इमारतीत पसरलं ते एवढंच, की छोटीच्या आईकडे 'तो' सिनेमा आहे आणि ती रोज बघते. वॉचमन एरवी पिशव्या उचलायला पुढे येत नसे, तो आता फाटकापासून जिन्यापर्यंत येऊ लागला. "ताई, पेन ड्राइव्ह रिकामा झाला की सांगा," असं तो पिशवीकडे बघत म्हणाला. छोटीचे बाबा कोपऱ्यावर दाढी करायला गेले, तर न्हाव्याने आरशातून विचारलं, "सिनेमावाल्या वहिनी तुमच्याच ना?" ते अर्ध्या दाढीनेच उठले आणि घरी येऊन म्हणाले, "तू एकूण किती वेळा पाहिलास तो?"

"समितीसाठी पाहिला."

"समिती म्हणजे तूच ना?"

तिने त्यांच्या हातात छोटीचे केस विंचरायला दिले.

सल्ल्यांचाही पाऊस पडत होता. डॉक्टरीणबाईंनी जिन्यात गाठून सांगितलं, "मुळापासून काढा. अर्धवट ठेवलंत तर नंतर ठणकतं." भाचा येऊन कळवळून म्हणाला, "वहिनी, सासरे येणार आहेत, त्यामुळे कापा, पण शहामृगाला हात लावू नका, मित्रांना शब्द दिलाय." अध्यक्षांच्या पत्नी सगळ्यांत सरळ बोलल्या. "मला यांनी खाली मुलांबरोबर बसवलंय. लहान मुलं वर नकोत म्हणे, मग त्यांना व्यायामशाळेत ठेवायचं. तेव्हा तुम्ही जे जे पळवाल ते मला सोमवारी दुपारी सविस्तर सांगा. चहा मी करते."

आणि छोटीच्या आईने, काळजीने पोखरलेल्या माणसाला अचानक जो आत्मविश्वास येतो तो अंगात येऊन, अध्यक्षांना सांगून टाकलं, "सिनेमा तसा बरा आहे. न्हाणीघरातला एक प्रसंग तर सगळ्यांनी कान देऊन ऐकावा असा आहे."

दुसऱ्या दिवशी फळ्यावर पुरवणी सूचना लागली: 'स्नानगृहातील प्रसंग विशेष श्रवणीय.' त्यासाठी अध्यक्षांनी कुठूनतरी एक मोठा स्पीकरही आणवला.

रविवारी दुपारी हॉलच्या खिडक्यांना चादरी लावल्या होत्या. खडकांच्या वेळी निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. आज दाराशी उभं राहायला जागा नव्हती. पहिल्या रांगेत मधोमध भाच्याचे होणारे सासरे, दोन्ही हात छत्रीच्या मुठीवर ठेवून. त्यांच्या एका बाजूला अध्यक्ष, दुसऱ्या बाजूला भाचा, आणि भाच्याच्या तोंडावर शहामृगाने गिळलेल्या अंगठीची अवस्था. मागे, रिमोट घेऊन, छोटीची आई. शेजारी सासूबाई, इस्त्रीची साडी नेसून, कारण आपल्या ओळखीचा सिनेमा लागणार होता.

सिनेमा सुरू झाला. टेबल, चार मित्र, सरबत. छोटीची आई निवांत टेकून बसली. सबंध सिनेमात याच्याइतका स्वच्छ प्रसंग नव्हता.

जाड्याने मूठ आपटली आणि तोंड उघडलं.

तो जे बोलला ते इथे देता येत नाही. आशय नवरदेवाच्या मधुचंद्राबद्दल होता आणि तपशील शरीरशास्त्राचा. आईचा उल्लेख होता, पण ती वाट बघत होती म्हणून नव्हे. त्यावर दुसरा मित्र जे बोलला त्याने पहिला मित्र शाळकरी वाटावा. नव्या स्पीकरमधून एकेक अक्षर गोट्यांसारखं खणखणत बाहेर पडत होतं.

छोटीची आई रिमोट धरून पडद्याकडे बघत राहिली. ती इतके दिवस आवाज बंद करून सिनेमा पाहत होती, ही गोष्ट तिला माहीत होती. पण तिचा अर्थ तिला आत्ता, भरल्या सभेत, कळला. डोळ्यांना जे दिसलं तेवढं तिने चाळून घेतलं होतं. कानांची चाळणी लावायची राहूनच गेली होती.

डॉक्टरीणबाई खोकल्या. मागोमाग आणखी तिघं खोकले. तिने घाईघाईने सिनेमा पळवला, तो जाऊन थांबला थेट कुंडीवर. तिथून पळवला तर गवताची गंजी. जिथे दृश्य सोवळं तिथे बोलणं ओवळं, आणि जिथे बोलणं थांबलं तिथे पँट नाही. सिनेमा बेडकासारखा उड्या मारत चालला होता. शहामृग आलं की तेवढ्यापुरता हॉल सुटकेचा श्वास टाकी, कारण त्याला बोलता येत नव्हतं आणि कपड्यांची अपेक्षाही नव्हती. सासरे हलले नव्हते. छत्रीच्या मुठीवरची बोटं तेवढी पांढरी झाली होती, की पडद्याचा उजेड पडला होता, हे मागून कळत नव्हतं. खोली गेली, छोटीच्या आईच्या मनात एवढंच चाललं होतं. खोली गेली, दुकान गेलं, आता मालकीणबाई दुसरी मुलगी बघतील, आणि ती मुलगी माझ्या स्टुलावर बसेल.

मग तिला टब आठवला.

तिने पळवायला अंगठा उचलला, तोवर पडद्यावर न्हाणीघराचं दार उघडलं आणि अध्यक्ष उठून उभे राहिले. "आता तो प्रसंग," ते घसा खाकरून म्हणाले. आतापर्यंतचा सगळा भार या एका प्रसंगाने उतरेल अशी त्यांची आशा तोंडावर दिसत होती. "कृपया शांतता." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने स्पीकर मोठा केला.

फेस. टोपी. जाड्याचे भरलेले डोळे.

जाड्याला खाज सुटली होती. ती कुठे सुटली, कुणामुळे सुटली, आणि रंग कसा आहे, हे तो सांगत होता. डॉक्टरने मलम दिलं होतं, पण त्याचा स्वतःचा हात तिथवर पोचत नव्हता, आणि जन्मभराच्या मैत्रीची शपथ घालून तो नवरदेवाला गळ घालत होता. नवरदेवाने मान खाली घातली होती ती गहिवरून नव्हे. फेसातून काही दिसतं का ते बघायला.

छोटीच्या आईच्या अंगठ्याने जे सापडलं ते दाबलं. चित्र थांबलं. भिंतभर जाड्याचं तोंड, उघडं. हे बोलण्यापेक्षा वाईट होतं, कारण आता प्रत्येक जण मनातल्या मनात पुढचं वाक्य पूर्ण करत होता. तिने पुन्हा दाबलं. चित्र हललं, आवाज मात्र गेला. हॉलमध्ये अशी शांतता पसरली की चादरीमागे खिडकी वाऱ्याने कुरकुरली तीही सगळ्यांना ऐकू आली.

"तो म्हणतोय," सासूबाई म्हणाल्या.

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. सासूबाई पडद्याकडेच बघत होत्या. हातात मोजा नव्हता, म्हणून हात कुठे ठेवायचे ते त्यांना सुचत नव्हतं, पण आवाज रोजचाच होता.

"तो म्हणतोय, उद्यापासून तुझं घर वेगळं, माझं वेगळं. मी काही तुला अडवत नाही. पण कधीतरी आठवण काढ. कामाशिवाय फोन कर."

पडद्यावर जाड्याने नाक पुसलं, अगदी वेळेवर.

मग पहिल्या रांगेतून, मागे न वळता, भाच्याच्या होणाऱ्या सासऱ्यांनी विचारलं, "आणि नवरदेव काय म्हणाला?"

"तो म्हणतोय, अरे वेड्या, माझं लग्न होतंय, मी काही मरत नाहीये."

सासऱ्यांचे खांदे हलले. आधी वाटलं खोकताहेत. मग भाच्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि त्याला पहिल्यांदा श्वास घेता आला.

उरलेला सिनेमा तसाच झाला. आवाज बंद आणि सासूबाई चालू. शेतकऱ्याची बायको टॉवेल शोधायला निघाली, तेव्हा छोटीच्या आईने सवयीने पळवलं, तर दारापासून कुणीतरी म्हणालं, "राहू द्या हो, आजी सांगतील काय ते." अंगठी शेवटी शहामृगाकडून परत मिळाली, तेव्हा शहामृग काय म्हणालं हेही सासूबाईंनी सांगितलं. ते म्हणालं, घ्या तुमची वस्तू, आणि पुन्हा माझ्या अंगणात येऊ नका.

दिवे लागले. अभिप्रायांची वेळ झाली, आणि खडकांच्या वेळी तोंड न उघडलेली माणसं एकाच वेळी बोलू लागली. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, मूळ संवाद काय होते हे शास्त्रीय दृष्टीने कळायला हवं. भाच्याचे मित्र म्हणाले, शहामृग पूर्ण दाखवल्याबद्दल आभार. सासरे उठले, छत्री टेकवली आणि म्हणाले, "मूळ सिनेमा भिकार असावा. आजींचा उत्तम होता. माझाही एक मित्र होता असा, जाडा. बरीच वर्षं फोन केलेला नाही." ते खाली बसले आणि खिशातला फोन काढून नुसताच बघत राहिले.

अध्यक्षांनी मात्र टेबलावर पेन आपटलं. "कार्यक्रम व्यवस्थित पार पडला असं म्हणता येणार नाही. परीक्षण समितीचा अभिप्राय आणि प्रत्यक्ष आवाज यांत तफावत आढळली. पाहुण्यांसमोर. तेव्हा खोलीचा विषय आज घेता येणार नाही. मग बघू."

छोटीची आई उभी राहिली. तिने पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

"माझा अभिप्राय राहिलाय," ती म्हणाली. "सिनेमा वाह्यात आहे. मला आवडला. कारण मी तो आवाज बंद करून पाहिला. आवाज बंद केला कारण शेजारी मूल झोपलेलं होतं. तीन वर्षं मी सगळंच आवाज बंद करून बघते. फोनवरसुद्धा कुजबुजते. भांडायचं असलं तरी हळू आवाजात भांडते, विचारा यांना."

छोटीच्या बाबांनी मान डोलावली. ते नाकारण्याजोगं नव्हतं.

"दार लावून सिनेमा बघायला मला खोली असती, तर आज तुमची शोभा झाली नसती. खोली नाही, म्हणून तर मागते आहे."

"तत्त्वतः," एवढंच अध्यक्ष म्हणाले. तेवढ्यात दार उघडलं आणि अध्यक्षांच्या पत्नी आत आल्या. केस विस्कटलेले, पदर खोचलेला, मागे मुलांची रांग, रांगेत छोटी, आणि सगळ्यांच्या गालांवर धूळ.

"संपला का सिनेमा?" त्या म्हणाल्या. "आमचा संपायलाच तयार नाही. ते यंत्र मुलांनी आगगाडी केलंय. मी इंजीन होते. चालले मी त्याच्यावर, ऐकताय ना, तुमच्यापेक्षा जास्त चालले."

"आपण इथे एका गंभीर विषयावर," अध्यक्षांनी सुरुवात केली.

"खोलीचाच ना? जिन्यातच ऐकलं मी. सिनेमा पास कुणी केला? पोस्टरवर पक्षी बघून तुम्ही केला. मग पोरीला काय बोलताय." बाईंनी एका मुलाच्या नाकाला रुमाल लावला. "यंत्र तिथेच राहील, मुलंही तिथेच राहतील. तुम्ही ठराव तेवढा लिहा."

अध्यक्षांनी सभेकडे पाहिलं. सभा हात वर करून बसली होती, सासऱ्यांसकट. त्यांना या इमारतीत मत नव्हतं हे कुणीच लक्षात आणून दिलं नाही. अध्यक्षांनी पेनचं टोपण काढलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "अध्यक्षांच्या सूचनेवरून सर्वानुमते."

छोटीची आई मटकन खुर्चीवर बसली. सासूबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि काहीच संवाद म्हटला नाही.

थोड्या वेळाने गर्दी पांगली, आणि ती छोटीचा हात धरून खाली गेली. खोलीत खिडक्या उघड्या होत्या. ट्रेडमिलच्या दांड्यांना कुणाकुणाचे रुमाल बांधलेले, फरशीवर खडूने रूळ काढलेले. तिने मनातल्या मनात चटया कुठे, डबे कुठे, सासूबाईंची खुर्ची कुठे, ते लावून टाकलं. दुकानात आजच कळवायला हवं. इतक्या दिवसांनी तिला पोटभर श्वास घेता येत होता, आणि तो घेतानाच छातीत कुठेतरी काहीतरी सैल होऊन दुखतही होतं.

"आता मी रोज इथे येणार?" छोटीने विचारलं.

"हो. पुढच्या महिन्यापासून. सकाळी."

"आजी?"

"आजी पण. त्या खिडकीपाशी बसेल."

"आणि तू?"

"मी दुकानात जाणार. लोकांचे डोळे तपासायला. जेवायच्या वेळेपर्यंत येते."

छोटीने खडूच्या रुळावर एक पाऊल ठेवलं, मग त्याच्यापुढे दुसरं. तिचा चेहरा अगदी सावध होता, हिशेब चुकायला नको असल्यासारखा.

"मला इथे रडू आलं तर आजी घेईल?"

"घेईल ना. लगेच घेईल."

छोटीने मान हलवली. एवढं पटलं होतं. ती रुळाच्या टोकापर्यंत गेली, वळली, आणि तिथूनच तिने विचारलं,

"आणि तिकडे तुला रडू आलं तर, तुला कोण घेईल?"